एकच जनुक, अनेक आवृत्त्या: बीटा ग्लोबिनच्या एका अक्षरापासून हातातल्या रिपोर्टपर्यंत

गुणसूत्र_अकरा

सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा (दोन्ही हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार) रिपोर्ट हातात आला की घरचे एवढंच विचारतात, "दोष आहे की नाही?" पण एका जनुकाच्या सदोष आवृत्त्याही अनेक असतात. आईवडिलांकडून आलेल्या दोन प्रतींमध्ये नेमक्या कोणत्या आवृत्त्या आहेत, यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून हा धागा. उदाहरण एकच घेऊ, पण खोलात जाऊ: हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणारं एचबीबी जनुक.

हे जनुक ११व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. लांबी साधारण १,६०० अक्षरं (डीएनएची अक्षरं चार: ए, टी, जी, सी), त्यात तीन एक्झॉन (डीएनएवरून निघणाऱ्या प्रतीत, म्हणजे आरएनएत, टिकणारे भाग) आणि दोन इन्ट्रॉन (त्यातून कापून टाकले जाणारे भाग). प्रथिनासाठी वाचली जाणारी अक्षरं थांबा-संकेत धरून फक्त ४४४. सुरुवात अशी, यातली तीन अक्षरांची प्रत्येक तिकडी म्हणजे एक कोडॉन, आणि एक कोडॉन एक अमिनो आम्ल ठरवतो:

एटीजी – जीटीजी – सीएटी – सीटीजी – एसीटी – सीसीटी – जीएजी – जीएजी – एएजी

आता यात होणारे तीन बदल बघा.

९वं अक्षर टी च्या जागी सी. सीएटी चं सीएसी होतं. दोन्ही तिकड्या हिस्टिडीनच्याच, त्यामुळे प्रथिनात काहीच फरक पडत नाही. हा बदल लोकांमध्ये भरपूर सापडतो आणि तो असलेली माणसं ठणठणीत असतात.

२०वं अक्षर ए च्या जागी टी. जीएजी चं जीटीजी होतं, म्हणजे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन. हीच सिकलसेलची एस आवृत्ती.

१९वं अक्षर जी च्या जागी ए. तिकडी तीच, पण आता एएजी, म्हणजे लायसीन. ही सी आवृत्ती, मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतली. सीसी (दोन्ही प्रती सी) असलेल्याला सौम्य रक्तक्षय होतो, एसएससारखा (दोन्ही प्रती एस, म्हणजे सिकलसेल रुग्ण) आजार होत नाही.

१२ अक्षरांच्या टापूत तीन बदल, तिन्ही एकेका अक्षराचे, आणि परिणाम तीन तऱ्हांचे. बदल किती मोठा यावरून त्याचा परिणाम ओळखता येत नाही. तो कुठे पडला आणि तिथे काय काम चालतं, ते पाहावं लागतं.

व्हॅलीन आलं की नेमकं काय बिघडतं? ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो आणि ते पाण्यात रमतं. व्हॅलीन पाणी टाळतं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर ८५व्या फिनाइलअॅलनीन आणि ८८व्या ल्युसीनजवळ एक खोबण उघडी पडते. हे व्हॅलीन तिच्यात चपखल बसतं. मग रेणूला रेणू चिकटत जाऊन लांब दोरे तयार होतात आणि पेशी विळ्याच्या आकाराची होते. ऑक्सिजन भरलेल्या स्थितीत ही खोबण नीट जुळत नाही. ताप, निर्जलीकरण, थंडी, उंच जागा यांनी त्रास का उफाळतो, याचं मूळ इथे आहे.

---

मेंडेलचा_वाटाणा

सुरुवात छान. दोन गोष्टी जोडतो.

पहिली, हे फरक येतात कुठून. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते. नक्कल करणारं एन्झाइम चुकतं, स्वतःच तपासतं, आणि त्यातूनही निसटलेल्या चुका नंतरची दुरुस्ती यंत्रणा पकडते. तरी प्रत्येक बाळात आईवडिलांमध्ये नसलेले साधारण ६० ते ७० नवे एक-अक्षरी बदल असतात. बाकी सारे फरक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. कुणाही माणसाचा डीएनए संदर्भ-क्रमाशी (तुलनेसाठी ठरवलेल्या नमुना क्रमाशी) ताडून पाहिला तर ४० ते ५० लाख ठिकाणी फरक निघतो, आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी. तेव्हा 'उत्परिवर्तन' शब्द दिसला की लगेच आजार समजू नका.

दुसरी, बदलाची जात. अक्षर बदलणं हा एक प्रकार झाला. अक्षर घुसणं किंवा गळणं हा दुसरा. एकसारखी अक्षरं लागोपाठ असतात तिथे नक्कल करताना धागा घसरतो आणि एखाददुसरं अक्षर कमीजास्त होतं. तिसरा प्रकार म्हणजे मोठा तुकडाच जाणं. १६व्या गुणसूत्रावर अल्फा ग्लोबिनची (हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या साखळीची) दोन जनुकं शेजारीशेजारी आहेत आणि जवळपास सारखी आहेत. बीजपेशी बनताना जोडीतली गुणसूत्रं तुकड्यांची देवाणघेवाण करतात. त्या वेळी ती चुकीच्या जागी जुळली, की एका बाजूला ३.७ हजार अक्षरं जातात आणि दोन जनुकांचं एकच उरतं. आपल्याकडच्या आदिवासी समाजांमध्ये ही अल्फाची गळती बरीच आढळते, आणि पुढे सिकलचा रिपोर्ट वाचताना ती आडवी येते.

---

तापीकाठ

नंदुरबार भागात जनजागृतीच्या कामात विचारले जाणारे प्रश्न इथे टाकतो. जाणकारांनी उत्तरं द्यावीत.

१. लग्न जुळवताना: मुलगा सिकल वाहक आहे (एक प्रत एस, दुसरी निरोगी). मुलीची 'सिकल निगेटिव्ह' चिठ्ठी आहे. मग निर्धास्त राहायचं ना?
२. एका प्रयोगशाळेने 'कोडॉन ६' लिहिलं, दुसरीने 'ग्लुटामिक ७ व्हॅलीन'. दोन वेगळे दोष आहेत का?
३. शिबिरात पॉझिटिव्ह आलं म्हणजे आजार झाला का?

---

बाकावरचा

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण गोंधळ तिथेच सर्वात जास्त होतो.

शिबिरात बहुधा विद्राव्यता चाचणी करतात. २ मिली अभिकर्मकात (चाचणीच्या रासायनिक द्रावणात) २० मायक्रोलिटर रक्त टाकायचं, हलवायचं, ५ मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. अभिकर्मकातलं सॅपोनिन पेशी फोडतं, सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं, आणि दाट फॉस्फेट द्रावणात एस हिमोग्लोबिन विरघळत नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह.

ही चाचणी 'एस आहे' एवढंच सांगते. एएस (वाहक; ए म्हणजे निरोगी प्रत) की एसएस (रुग्ण), ते तिला कळत नाही. वाहकही पॉझिटिव्ह आणि रुग्णही पॉझिटिव्ह. पुढची तपासणी झाल्याशिवाय कुणालाही रुग्ण म्हणू नये.

चुकते कधी:

सहा महिन्यांखालच्या बाळात एफ हिमोग्लोबिन (गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन) भरपूर आणि एस कमी असतं, त्यामुळे खोटं निगेटिव्ह येतं. या वयात ही चाचणी करूच नका.

हिमोग्लोबिन ७-८ च्या खाली असेल तर नळीत एस पुरेसं पोचतच नाही. पुन्हा खोटं निगेटिव्ह. अशा वेळी प्लाझ्मा काढून खाली बसलेल्या पेशी घ्या, साधारण १० मायक्रोलिटर.

नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर निकाल दात्याच्या पेशींमुळे बिघडतो.

रक्तात चरबी किंवा प्रथिनं खूप असतील तर एस नसतानाही गढूळ दिसतं.

डायथायोनाइट हवा लागून मरतं. बाटली उघडी राहिली, उन्हात गाडीत राहिली, की सगळं गाव निगेटिव्ह. दर सत्राच्या सुरुवातीला एक माहितीचा एएस आणि एक माहितीचा एए नमुना लावलाच पाहिजे. अभिकर्मक फ्रीजमधून काढून थेट वापरू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दोष एकच, मोजणी वेगळी. प्रथिन तयार झाल्यावर पहिलं मेथिओनीन कापलं जातं. जुन्या पद्धतीत ते धरत नाहीत म्हणून ६, नव्या पद्धतीत धरतात म्हणून ७. डीएनएच्या भाषेत दोन्हीकडे 'सी.२०ए>टी' लिहिलेलं असेल तर वाद मिटला.

असाच घोटाळा थॅलेसेमियाच्या ४१/४२ दोषात होतो. एका रिपोर्टात 'टीटीसीटी गळती', दुसऱ्यात 'सीटीटीटी गळती'. मूळ क्रम टीटीसी-टीटीटी आहे. पहिली चार अक्षरं काढा किंवा शेवटची चार, उरतात टीटी च. कोणती चार गेली हे सांगताच येत नाही. म्हणून नव्या पद्धतीचा नियम असा, की गळती शक्य तितकी उजवीकडे दाखवायची. बहीण-भावाचे रिपोर्ट दोन ठिकाणचे असले की लोक यावर हमखास अडखळतात.

---

गुणसूत्र_अकरा

तापीकाठ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठामपणे 'नाही' असं आहे.

'सिकल निगेटिव्ह' म्हणजे एस आवृत्ती सापडली नाही, एवढंच. तिच्याकडे त्याच जनुकाची दुसरी सदोष आवृत्ती असू शकते, आणि विद्राव्यता चाचणीला ती दिसत नाही. भारतात सापडणाऱ्या महत्त्वाच्या आवृत्त्या अशा:

पहिल्या इन्ट्रॉनचं ५वं अक्षर, जी च्या जागी सी. आपल्याकडे बीटा थॅलेसेमियाचा सर्वात जास्त आढळणारा दोष. हे अक्षर प्रथिनात येतच नाही. ते आरएनए कुठे कापायचा याच्या खुणेचा भाग आहे. खूण पुसट झाल्यामुळे बहुतेक आरएनए चुकीच्या जागी कापला जातो आणि थोडाच नीट बनतो.

पहिल्या इन्ट्रॉनचं १लं अक्षर, जी च्या जागी टी. इथे खूण पुसट नाही, गेलीच. नीट आरएनए अजिबात बनत नाही. शेजारच्या दोषापासून अंतर चार अक्षरांचं, पण तिथे थोडी बीटा साखळी बनते आणि इथे शून्य.

कोडॉन ८/९ मध्ये एक जी जास्त. तिथून पुढच्या सगळ्या तिकड्या सरकतात आणि थोड्याच पुढे अवेळी थांबा-संकेत येतो.

कोडॉन १५, टीजीजी चं टीएजी. ट्रिप्टोफॅनच्या जागी थेट थांबा. महाराष्ट्रात हा लक्षात ठेवावा असा दोष आहे.

कोडॉन ४१/४२ ची चार अक्षरी गळती वर आलीच आहे.

६१९ अक्षरांची गळती, जनुकाचा शेपटाकडचा भागच नाही. सिंधी आणि गुजराती लोहाणा समाजात विशेष.

ई आवृत्ती, कोडॉन २६, जीएजी चं एएजी. ईशान्य भारतात आणि बंगालमध्ये. हिची गंमत अशी, की अमिनो आम्लही बदलतं आणि जवळची एक सुप्त कापणी-खूण जागीही होते. म्हणून प्रथिन वेगळंही बनतं आणि कमीही.

डी-पंजाब, कोडॉन १२१, जीएए चं सीएए.

वडिलांकडून एस आणि आईकडून यातलं काही आलं, तर मुलाकडे निरोगी प्रत एकही उरत नाही. एस सोबत बीटा-शून्य थॅलेसेमिया (बीटा साखळी अजिबात न बनणारा दोष) म्हणजे व्यवहारात एसएस इतकाच त्रास. एस सोबत डी-पंजाब हेही तीव्र. एस सोबत ई तुलनेने सौम्य. दर गरोदरपणात शक्यता एएस-एएस जोडप्याइतकीच, २५ टक्के. म्हणून जोडप्यात एक जण जरी वाहक असला तरी दुसऱ्याची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून त्यांचं प्रमाण मोजणारी तपासणी) आणि पूर्ण रक्तगणना दोन्ही हव्यात. 'निगेटिव्ह' चिठ्ठीवर थांबू नये.

---

चंद्रपुरी

एचपीएलसीचे आकडे कसे वाचायचे तेही कुणी लिहा. अर्ध्या लोकांची मजल कागदावरच्या 'अॅबनॉर्मल' या शिक्क्यापुढे जात नाही.

---

शुभ्रपेशी

वाहकात (एएस) ए साधारण ५५-६० टक्के आणि एस ३५-४०. निम्मं-निम्मं का नाही? बीटा-एस साखळीवरचा ऋण भार कमी असल्याने ती अल्फा साखळीशी जरा कमी जोमाने जुळते. इथेच वर म्हटलेली अल्फाची गळती आडवी येते. अल्फा साखळ्या कमी पडल्या की स्पर्धेत बीटा-एस आणखी मागे पडते आणि एस ३०च्या आसपास किंवा खाली जातं. म्हणजे २८ टक्के एस पाहून 'सौम्य सिकल' असं काही समजू नका. तो वाहकच, सोबत बहुधा अल्फाची गळती. लोहाची कमतरताही एस खाली ओढते.

एस जास्त आणि ए कमी, पण ए आहे: एस सोबत बीटा-अधिक थॅलेसेमिया (थोडी बीटा साखळी बनणारा दोष) असण्याचा संशय घ्या. आधी एकच प्रश्न विचारायचा, गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलंय का? चढवलं असेल तर तो ए दात्याचा. असे कितीतरी एसएस रुग्ण चुकीच्या रकान्यात बसतात.

ए शून्य, एस आणि एफ: एसएस असेल किंवा एस-बीटा-शून्य असेल. ए२ (एरवी थोडंसंच असणारं आणखी एक हिमोग्लोबिन) वाढलेलं आणि पेशी लहान (एमसीव्ही कमी) असतील तर दुसऱ्याकडे कल. पण एस असताना यंत्रावर ए२ थोडं फुगून दिसतं, कारण एसचे काही बदललेले अंश त्याच खिडकीत बाहेर पडतात. त्यामुळे फक्त ए२ वर निकाल देऊ नका. आईवडिलांची एचपीएलसी मागवा, बहुतेक वेळा तिथेच उलगडा होतो.

ए२ ३.५ ते ४ च्या वर आणि एस नाही: बीटा थॅलेसेमिया वाहक. सावधानता दोन: लोहाची कमतरता ए२ खाली ओढते, बी-१२ ची कमतरता वर ढकलते. आपल्याकडे दोन्ही घरोघरी. ३.३-३.८ च्या पट्ट्यात असाल तर कमतरता भरून काढून पुन्हा तपासा किंवा थेट डीएनए करा. गरोदर असेल तर वाट पाहण्यात वेळ घालवू नका, जोडीदाराची तपासणी त्याच दिवशी करा.

ए२ च्या खिडकीत २५-३० टक्के: ते ए२ नाही, बहुधा ई. दोन्ही एकाच वेळी बाहेर येतात.

आणि जुन्या अल्कली इलेक्ट्रोफोरेसिसवर (विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करण्याची पद्धत) एस आणि डी एकाच पट्ट्यावर बसतात. एसडी रुग्ण तिथे हुबेहूब एसएस दिसतो.

---

बाकावरचा

आता डीएनए तपासणी. एस साठी सर्वात सोपी पद्धत म्हणजे पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं) करून डीडीई-वन या एन्झाइमने कापणं. हे एन्झाइम 'सीटी-कोणतंही-एजी' असा क्रम शोधतं. निरोगी प्रतीत सीसीटी-जीएजी मध्ये सीटीजीएजी आहे, तिथे ते कापतं. एस मध्ये सीटीजीटीजी झाल्याने जागा नाहीशी होते आणि तुकडा अखंड राहतो.

रक्त ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्या. हेपॅरिन पीसीआर बंद पाडतं.

पीसीआर २५ मायक्रोलिटर: डीएनए ५०-१०० नॅनोग्रॅम, प्रत्येक प्रायमर (तुकड्याच्या टोकाला बसून नक्कल सुरू करणारा छोटा डीएनए) १० पिकोमोल, चारही न्यूक्लिओटाइड प्रत्येकी २०० मायक्रोमोलर, मॅग्नेशियम १.५ मिलिमोलर, नक्कल करणारं टॅक एन्झाइम अर्धा ते एक युनिट. ९४ अंशांवर ५ मिनिटं, मग ३० चक्रं.

कापणी २० मायक्रोलिटर: पीसीआर उत्पादन १०, दहापट बफर २, एन्झाइम १ (१० युनिट), पाणी ७. ३७ अंशांवर २ ते ३ तास. एन्झाइम एकूण आकारमानाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त घालू नका, त्यातलं ग्लिसरॉल वाढलं की एन्झाइम भलतीकडे कापायला लागतं. मग तुकडे आकारानुसार वेगळे करायला ३ टक्के अॅगरोज जेल.

या पद्धतीत एक सापळा आहे, आणि तो पद्धतीतच आहे. एस म्हणजे 'न कापलेलं'. एन्झाइम जुनं झालं, उत्पादनात मीठ राहिलं, वेळ कमी दिला, की निरोगी तुकडाही अर्धवट कापला जातो आणि एए माणूस एएस दिसतो. म्हणून प्रायमर असे निवडायचे की त्याच तुकड्यात डीडीई-वनची आणखी एक, सगळ्यांत असणारी जागा यावी. ती पूर्ण कापली गेली नसेल तर जेल फेकून द्यायचं, निकाल द्यायचा नाही. सोबत एए, एएस, एसएस चे माहितीचे नमुने आणि नुसत्या पाण्याची नळी.

थॅलेसेमियाच्या दोषांसाठी एआरएमएस-पीसीआर. दोन नळ्या: एकीत निरोगी अक्षरावर संपणारा प्रायमर, दुसरीत सदोष अक्षरावर संपणारा. शेवटचं अक्षर जुळलं तरच नक्कल पुढे सरकते. दोन्ही नळ्यांत एक वेगळा नियंत्रण-पट्टा हवा. तो नाही आला तर 'निगेटिव्ह' नाही, 'चाचणी फसली'. जोडणीचं तापमान एक-दोन अंश कमी ठेवलं तरी चुकीचा प्रायमर चिकटतो आणि खोटा पट्टा येतो. आणि इथे मुद्रितशोधन करणारं महागडं एन्झाइम वापरू नका! ते प्रायमरचं न जुळणारं शेवटचं अक्षरच कुरतडून काढतं, मग दोन्ही नळ्या पॉझिटिव्ह.

---

मेंडेलचा_वाटाणा

यात भर: प्रायमर बसतो त्याच जागेत एखादा निरुपद्रवी फरक असेल तर ती प्रत वाढतच नाही. मग दोन वेगळ्या प्रती असलेला माणूस एकाच प्रकारचा दिसतो. गुणसूत्र_अकरा यांनी सांगितलेलं ९वं अक्षर इथे डोकं वर काढतं. एस साठीच्या प्रायमरच्या जागेत ते येऊ शकतं. आजाराच्या दृष्टीने बिनकामाचा फरक, पण चाचणी चुकवायला पुरेसा.

६१९च्या गळतीचंही तसंच. 'पूर्ण सिक्वेन्सिंग केलं, काही नाही' असं सांगितलं जातं. प्रायमर गळालेल्या भागात असेल तर त्या प्रतीवर तो बसणारच कुठे? दुसरी, निरोगी प्रत तेवढी वाचली जाते आणि रिपोर्ट येतो स्वच्छ. त्यासाठी गळतीच्या दोन्ही बाजूंना प्रायमर लावून गॅप-पीसीआर वेगळी करावी लागते.

---

चंद्रपुरी

आपल्याकडचा सिकल सौम्य असतो असं ऐकलंय. तेही असंच एखाद्या अक्षराचं काम का?

---

गुणसूत्र_अकरा

अंशतः. भारतातली एस आवृत्ती बहुधा ज्या पार्श्वभूमीवर येते तिला अरब-भारतीय हॅप्लोटाइप (एकत्रच वारशाने येणाऱ्या शेजारच्या फरकांचा संच) म्हणतात. त्याच गुणसूत्रावर गॅमा ग्लोबिन (एफ हिमोग्लोबिनची साखळी) जनुकाच्या आधी १५८व्या अक्षराला सी च्या जागी टी असतो. या फरकासोबत मोठेपणीही एफ हिमोग्लोबिन जास्त राहतं, आणि एफ एसच्या दोऱ्यात बसत नाही, दोरा तुटतो. दुसऱ्या गुणसूत्रावरचं बीसीएल११ए हे जनुकही एफवर लगाम ठेवतं, त्यातले फरकही मोजावे लागतात. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला क्रिस्पर (जनुक-संपादन) उपचार एस चं अक्षर दुरुस्त करतच नाही. तो बीसीएल११एचा लाल पेशींतला वर्धक (जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा भाग) तोडतो आणि एफ वाढवतो.

पण 'आपल्याकडचा सौम्य' हे वाक्य रुग्णाला सांगू नका. विदर्भात तीव्र त्रास असलेले एसएस रुग्ण भरपूर आहेत. सरासरीवरून एकाचं भविष्य ठरत नाही.

---

तापीकाठ

शेवटचा प्रश्न. दोघंही वाहक, पत्नी आठ आठवड्यांची गरोदर. आता क्रम काय?

---

शुभ्रपेशी

आज: दोघांचे ईडीटीए नमुने, प्रत्येकी २ ते ३ मिली, डीएनए तपासणीसाठी. आईवडिलांचे नेमके दोष माहीत असल्याशिवाय गर्भाच्या नमुन्यात काय शोधायचं हेच कळत नाही. या टप्प्यावर उशीर इथेच होतो.

१० ते १२ आठवडे: वारेचा सूक्ष्म नमुना (सीव्हीएस). सूक्ष्मदर्शकाखाली आईच्या गर्भाशयाच्या पेशी वेगळ्या काढायच्या. तरीही आईचा डीएनए मिसळला नाही ना, हे एसटीआर खुणांनी (माणसागणिक वेगळ्या असणाऱ्या, डीएनएतल्या पुनरावृत्तीच्या जागा) तपासल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. आई एएस आहे. तिचा डीएनए मिसळला तर एए गर्भही एएस दिसेल आणि एसएसही.

कायद्याचं म्हणाल तर हिमोग्लोबिनचे आजार हे पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानावर बंदी घालणाऱ्या) कायद्यात गर्भतपासणीचं मान्य कारण आहे, पण नोंदणीकृत केंद्रातच, ठरलेल्या अर्जांसह. मुलगा-मुलगी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही.

तपासणीच्या अर्जावर 'सिकल टेस्ट' एवढंच लिहून पाठवू नका. दोघांच्या एचपीएलसीचे आकडे, एमसीव्ही, रक्त चढवल्याची तारीख, समाज आणि मूळ गाव लिहा. कोणते दोष आधी शोधायचे, हे प्रयोगशाळा त्यावरून ठरवते.